पुरेसा उजेड

समजा, एखादी गोष्ट तुम्ही जपून वापरत होता, कारण ती महाग होती. उद्या ती जवळजवळ फुकट झाली. मग जपून वापरायचं काही कारण उरतं का? आणि उरत नसेल, तर इतके दिवस आपण जे करत होतो त्याला संयम म्हणायचं की नुसती मजबुरी?

हा प्रश्न मला बारा बल्बांमुळे पडला.

मी अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फीनिक्सजवळ राहतो. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी रूममेट आणि मी निम्मे-निम्मे पैसे घालून एक जुनं मोटरहोम घेतलं. मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं छोटं घर. आत ओटा, सिंक, संडास-बाथरूम, दोन पलंग. इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी. कॅम्पिंगच्या जागी विजेचा खांब असेल तर प्लग लावायचा आणि विसरून जायचं. पण आम्ही जातो तिथे बहुतेक वेळा खांब नसतो. मग दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, सगळं त्या एका १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचं.

थोडा हिशोब करू. आमची बॅटरी १०० अँपिअर-अवरची, जुन्या लेड-ॲसिड प्रकारची. ही बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. निम्म्याखाली वारंवार नेली तर तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. म्हणजे हातात खरे ५०. गाडीतले मूळ दिवे तारेच्या पिवळ्या बल्बचे होते. अशा गाड्यांमध्ये सर्रास सापडणारा हा बल्ब सुमारे १८ वॅटचा असतो आणि साधारण १.४ अँपिअर करंट ओढतो. बारा बल्ब एकदम लावले की जवळजवळ १७ अँपिअर. म्हणजे संध्याकाळी सातला सगळे दिवे लावले तर दहाच्या सुमारास खेळ खलास. त्यात या बल्बला दिलेल्या विजेतली बहुतेक उष्णतेत जाते, उजेड जेमतेम पाच-दहा टक्के. आमच्या छतावरच्या दिव्यांची प्लॅस्टिकची झाकणं त्या उष्णतेनं चहाच्या रंगाची झाली होती.

एका शनिवारी दुपारी आम्ही ते बाराही बल्ब काढून एलईडी लावले. काम तासाभराचं. झाकण काढायचं, जुना बल्ब काढायचा, नवा बसवायचा. खाचेत दाबून बसवायचा प्रकार असेल आणि दिवा लागला नाही तर उलटा फिरवून लावायचा, कारण एलईडीला प्लस-मायनस कळतं, तारेच्या बल्बला कळत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते. बॅटरी '१२ व्होल्टची' म्हणतात, पण प्रत्यक्षात ती उतरल्यावर ११-१२ आणि चार्ज होताना १४ च्या वर जाते. हा चढउतार झेलणारं सर्किट आत नसेल तर स्वस्त एलईडी तापतात, लुकलुकतात आणि लवकर मरतात. सर्किट असूनही ते सुमार असेल तर एफएम रेडिओत खरखर येते. आम्ही १० ते ३० व्होल्ट झेलणारे, मंद पिवळसर उजेडाचे घेतले. प्रत्येकी अडीच वॅट. आता बाराही दिवे लावले तर अडीच अँपिअरच्या आत काम होतं. तीन तासांचे वीस तास झाले.

इथपर्यंत ही इंजिनिअरिंगची गोष्ट आहे आणि तिचा शेवट गोड आहे. माझा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

बॅटरी नावाचा पंच

पिवळ्या बल्बच्या काळात आमच्या गाडीत एक नियम होता: एका वेळी दोन दिवे. जेवताना ओट्यावरचा आणि टेबलावरचा. झोपताना फक्त उशाजवळचा. बाथरूममधून बाहेर पडताना हात आपोआप बटणाकडे जायचा. हा नियम आम्ही बसून ठरवला नव्हता, तो बॅटरीनं घालून दिला होता.

नियम बॅटरीचा असल्यामुळे त्यावरून कधी भांडण झालं नाही. 'लाइट बंद कर रे' असं मी म्हणायचो तेव्हा त्यात माझी आवडनिवड नसायची. मी फक्त पंचाचा निर्णय मोठ्यानं वाचून दाखवत असायचो. उद्या सकाळी पंप चालला नाही तर दोघांचीही पंचाईत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एलईडी आले आणि पंच मैदान सोडून गेला. आता 'लाइट बंद कर' म्हटलं की रूममेट विचारतो, "का?" आणि त्याचा प्रश्न बरोबर असतो. एका दिव्यानं काय फरक पडतो? त्याच्या आकडेमोडीत चूक काढता येत नाही. माझ्याकडे उरतं ते इतकंच, की मला अंधार आवडतो. पण मग त्याला उजेड आवडतो.

आपल्यातला बराचसा संयम असाच असतो का? मागे कुठली तरी बॅटरी उभी असते. एसटीडीचा दर मिनिटाला होता म्हणून माणसं फोनवर थोडक्यात बोलायची. महिन्याला एक जीबी डेटा मिळायचा म्हणून आपण व्हिडिओ बघताना हात आखडायचो. तेव्हा कोणी आपल्याला संयमी म्हटलं असतं तर आपणच हसलो असतो.

वाचलेलं जातं कुठे?

बारा दिव्यांत जी वीज वाचली ती बॅटरीत तशीच पडून राहिली नाही. रूममेटनं बाहेरच्या छत्रीला दिव्यांची माळ लावली. मी दुसरा मॉनिटर आणला, कारण गाडीतून काम करताना तो लागतो. आणि दारावरचा दिवा, जो पूर्वी खाली उतरण्यापुरता लागायचा, तो रात्रभर चालू राहू लागला. जुना बल्ब दहा तास ठेवला असता तर १५ अँपिअर-अवर खाल्ले असते. नवा अडीचमध्ये भागवतो. कशाला बंद करायचा?

या गोष्टीला अर्थशास्त्रात नाव आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञानं १८६५ साली कोळशावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं निरीक्षण असं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली म्हणून कोळशाचा खप घटला नाही, वाढला. काम स्वस्त झालं, म्हणून इंजिनं नव्या नव्या ठिकाणी पोचली. उजेडाचंही तेच. विल्यम नॉर्डहाऊस या अर्थशास्त्रज्ञानं, ज्याला पुढे २०१८ चं नोबेल मिळालं, असा हिशोब केला होता की ठरावीक उजेड मिळवायला माणसाला किती तास मजुरी करावी लागते. गेल्या दोनशे वर्षांत ही मजुरी हजारो पटींनी कमी झाली. आपण तेवढ्याच उजेडात राहून उरलेला वेळ आराम केला का? नाही. उजेड वाढवला.

आमच्या धंद्यात तर ही रोजची गोष्ट आहे. निकलाउस विर्थ या संगणकशास्त्रज्ञानं १९९५ मध्येच तक्रार केली होती की हार्डवेअर जितक्या वेगानं सुधारतं त्याहून वेगानं सॉफ्टवेअर जड होतं. तुमच्या हातातला फोन दहा वर्षांपूर्वीच्या फोनपेक्षा कितीतरी पट ताकदवान आहे. बॅटरी मात्र संध्याकाळपर्यंतच पुरते.

कंदिलाची हौस

इथे लेखाला एक सोपं वळण घेता येतं: पूर्वी कसं छान होतं, मर्यादा होत्या म्हणून माणसं शहाणी होती. मला ते वळण घ्यायचं नाही.

माझं लहानपण जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात गेलं. ते भारनियमनाचे दिवस होते. लाइट जाण्याचं वेळापत्रक आम्हाला शाळेच्या वेळापत्रकासारखं पाठ होतं. आईनं कंदिलाच्या उजेडात कितीतरी स्वयंपाक केले. काच काळी व्हायची, रॉकेलचा वास भाकरीला यायचा. त्या अंधाराला कोणी संयम म्हटलं नाही. वीज आल्यावर गल्लीभर 'आली, आली' असा जो ओरडा व्हायचा, त्यातला आनंद खोटा नव्हता.

म्हणून एलईडीबद्दल नाक मुरडणं मला जमत नाही. निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, कारण निळ्याशिवाय पांढरा उजेड बनत नव्हता. त्यानंतर भारतात २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब स्वस्तात वाटले गेले. लहानशा सोलर पॅनलवर घरभर दिवे चालतात ते याच शोधामुळे. मोटरहोममध्ये राहून अंधाराचं कौतुक करणं ही ज्याचं घर दुसरीकडे उजळलेलं आहे त्याची हौस आहे. निवडलेली टंचाई आणि वाट्याला आलेली टंचाई दिसायला सारखी असली तरी त्यांच्यात उपास आणि उपासमारीइतकं अंतर आहे.

मग कुठला उजेड गरजेचा आणि कुठला फाजील, हे कसं ठरवायचं? वॅट मोजून ठरत नाही, हे एव्हाना कळलं आहे. आईच्या चुलीपाशी लागणारे अडीच वॅट आणि आमच्या दारावर रात्रभर जळणारे अडीच वॅट मीटरला एकच दिसतात.

ज्याचं बिल आपल्याला येत नाही

ॲरिझोनाच्या पश्चिमेला क्वार्टझसाइट नावाचं छोटं गाव आहे. आजूबाजूला वाळवंट, बरंचसं सरकारी मालकीचं. हिवाळ्यात उत्तरेकडच्या थंडीला कंटाळलेले निवृत्त लोक आपापली मोटरहोमं घेऊन इथे येतात. मोठ्या मुदतीचा परवाना काढला की सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहता येतं. चौदा दिवसांसाठी वेगळा परवाना असतो. आम्ही दुसरा घेतो.

गेल्या हिवाळ्यात तिथे आमच्यापासून थोड्या अंतरावर एक सत्तरीतले गृहस्थ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते कॉफीचा मग घेऊन आले. इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "तुमचा दारावरचा दिवा रात्री बंद ठेवता येईल का? मी दुर्बीण घेऊन आलोय."

रूममेट म्हणाला, "एलईडी आहे, काही वीज लागत नाही."

ते हसले. "तुमच्या बॅटरीची मला काळजी नाही हो."

या उत्तरानं माझा गोंधळ बराचसा सुटला. आम्ही दोघं इतके दिवस दिव्याचा खर्च बॅटरीत मोजत होतो. खर्च शून्याजवळ आला म्हणून प्रश्न मिटला असं धरून चाललो होतो. पण दिव्याचा एक खर्च असा होता, की तो आमच्या बॅटरीतून कधी गेलाच नव्हता. तो दुसऱ्याच्या आकाशातून जात होता. पिवळ्या बल्बच्या काळात तोही आपोआप आटोक्यात राहायचा, कारण रात्रभर दिवा ठेवणं आम्हाला परवडत नव्हतं. बॅटरीचा पंच आमच्यासाठी उभा होता, फायदा मात्र शेजाऱ्यालाही मिळत होता.

हे एका वाळवंटापुरतं नाही. उपग्रहांच्या मोजणीनुसार २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचा रात्री उजळलेला भाग दरवर्षी सुमारे २.२ टक्क्यांनी वाढला, आणि हे त्याच वर्षांत, जेव्हा जग कमी विजेच्या दिव्यांकडे वळत होतं. त्या उपग्रहाला एलईडीचा निळसर प्रकाश नीट दिसतही नाही. जमिनीवरून तारे मोजणाऱ्या हौशी लोकांच्या २०११ ते २०२२ च्या नोंदींवरून आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचं निघालं. या वेगानं आठ वर्षांत दुप्पट. आता अंधार राखून ठेवावा लागतो. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. वाघाइतकाच अंधारही दुर्मीळ व्हायला लागला आहे.

तरी उत्तर 'सगळे दिवे बंद करा' इतकं सोपं नाही. फोनवर हे सगळं आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्या गल्लीत आता रात्रभर पांढरे दिवे असतात. अंगणात झोपलं की डोळ्यांवर येतात, चांदण्या काही दिसत नाहीत. पण क्लास सुटल्यावर पोरी एकेकट्या घरी येतात बरं का. पूर्वी मी तुझ्या ताईला आणायला जायचे." आईच्या एकाच वाक्यात दोन्ही बाजू होत्या. चांदण्यांसाठी त्या पोरींचा रस्ता अंधारात ढकलायला मी तयार नाही. पण खांबावरचा दिवा फक्त खाली, रस्त्यावर पडेल अशी टोपी बसवली तर दोघांचंही भागू शकतं, हेही खरं आहे. ती टोपी बसवायची आठवण कोणाला होत नाही, कारण वाया जाणाऱ्या उजेडाचं बिल आता डोळ्यांत भरण्याइतकं येत नाही.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं: महाग होतं म्हणून आपण जे जपून वापरलं ती मजबुरीच होती आणि ती गेली हे उत्तम झालं. संयमाला संधी त्यानंतर मिळते. बॅटरी, बिल, डेटा पॅक यांपैकी कोणीच आपल्याला थांबवत नाही, तेव्हा समोर कोण आहे हे आपल्याला बघावं लागतं. 'मला परवडतं का' या प्रश्नाचं उत्तर यंत्र देतं. 'हे कोणावर पडतंय' हे यंत्र विचारत नाही. ते विचारणं पूर्वी आपल्याला लागलंच नाही, म्हणून त्याची सवय नाही.

रूममेटला माझं सगळं म्हणणं पटलेलं नाही. त्याच्या मते मी एका बल्बवरून फार लांब गेलो. पण दाराच्या दिव्याला आम्ही आता हालचाल ओळखणारा सेन्सर लावला आहे. कोणी पायरीवर आलं की तीस सेकंद लागतो. आतल्या दिव्यांवरून मात्र आमचे वाद चालूच आहेत, आणि ते दोघांनाच मिटवायचे आहेत.