चाकू कुणाच्या खिशात आहे?

माझ्याकडे एक मल्टिटूल आहे. पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर, छोटी कात्री आणि अडीच इंचांचं पातं. तीन वर्षांपूर्वी पगार जरा बरा वाढला तेव्हा घेतलं. त्याआधी दोन महिने रोज रात्री झोपताना त्याचे रिव्ह्यू बघत होतो. कुणी बर्फात लाकूड तासतोय, कुणी बंद पडलेल्या जीपखाली शिरलाय. मी स्वतः तोवर तंबूत एकदाच झोपलो होतो. तोही पवना धरणाच्या काठी, भाड्याचा, बार्बेक्यूसकट.

तीन वर्षांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडतो. कुरिअरची खोकी उघडली. ऑफिसातल्या एका खुर्चीचा स्क्रू आवळला. आईच्या मिक्सरचा प्लग दुरुस्त केला. बस्स. ते कायम जीन्सच्या खिशाला लावलेलं असायचं, क्लिप बाहेर दिसेल अशी. ती कुणीतरी बघावी असं मला वाटायचं, हेही खरं.

या वस्तू मुळात दाखवण्यासाठी जन्मल्या नव्हत्या. कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्यासाठी चाकू बनवायला सुरुवात केली. त्यात पातं, भोक पाडायची आरी, डबा उघडायचं साधन आणि रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर होता. म्हणजे सैनिकाचा चाकू, पण काम जेवणाचं आणि दुरुस्तीचं. टिम लेदरमन हा अमेरिकन माणूस १९७५ मध्ये बायकोसोबत जुनी फियाट घेऊन युरोपात फिरत होता. गाडी सारखी कुरकुरायची आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. त्या वैतागातून आलेलं मल्टिटूल १९८३ मध्ये बाजारात पोचलं. दरम्यान १९८१ मध्ये स्पायडर्को या कंपनीने चाकूला क्लिप लावली. सोय अशी की चाकू खिशाच्या तळाशी जात नाही, एका हाताने निघतो. पण त्या क्लिपमुळे आणखी एक गोष्ट झाली. खिशातली वस्तू दिसू लागली. आणि जे दिसतं, ते मिरवता येतं आणि विकताही येतं.

आज जाहिराती खोकी उघडण्याबद्दल बोलत नाहीत. काळा रंग, 'टॅक्टिकल' हा शब्द, हातमोजे घातलेला हात. विकलं जातं ते पातं नाही, तर प्रसंग आलाच तर मी तयार आहे ही भावना. कसला प्रसंग, हे जाहिरात सांगत नाही. ती जागा आपण आपल्या भीतीने भरतो.

ब्रिटनने या प्रश्नाला थेट हात घातलाय. तिथे तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, घडी होणारा साधा चाकू बाळगायला चालतो. पण १९९७ च्या कायद्यानुसार चाकू मारामारीसाठी योग्य आहे असं सुचवणारी जाहिरात करणं हा गुन्हा आहे. चाकू तोच, गुन्हा खोक्यावरच्या शब्दांत. मला हे पहिल्यांदा विचित्र वाटलं, मग पटलं. वस्तूचा अर्थ नुसता पोलादात नसतो, तिच्याभोवती आपण काय बोलतो त्यातही असतो.

आपल्याकडच्या शस्त्र नियमांतही हेतूला जागा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र धरलं जातं, पण घरकाम, शेती, उद्योग यांच्यासाठी बनवलेलं वगळून. म्हणजे प्रश्न विचारायचा तो 'कशासाठी?' असा. कागदावर हे छान आहे. रस्त्यावर काय होतं, ते मी एका रात्री पाहिलं.

साडेअकरा वाजले होते. नाकाबंदी. हवालदारांनी माझ्या खिशाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "टूल आहे साहेब, ऑफिसात लागतं." गळ्यातलं आयकार्ड त्यांनी पाहिलं आणि हात हलवून जायला सांगितलं. शेजारी माझ्याहून लहान एक मुलगा उभा होता. त्याच्या सायकलला गोणपाटात गुंडाळलेला कोयता. "शहाळी विकतो साहेब," तो सांगत होता. गाडी कुठे लावतोस, मालक कोण, नंबर दे. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. मी किक मारली आणि निघालो.

पोलिसांचं चुकलं असं मी सहज म्हणू शकत नाही. 'कोयता गँग' हा शब्द पुण्यात गेल्या काही वर्षांत घरोघरी पोचलाय, आणि कोयत्याचे वार झालेली माणसं खरी आहेत. भीतीलाही हक्क असतो. पण त्या रात्री खरं बोलणारा तो होता. त्याचा कोयता रोज शंभर शहाळी सोलत असेल. माझं टूल 'ऑफिसात लागतं' हे खोटं होतं, आणि ते चाललं. त्याने पातं झाकलं होतं, तेच संशयाचं कारण झालं. मी दाखवत होतो, तर तो छंद ठरला.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते, माणसं कोयत्यात मोजली जातात. ज्यांचं नावच त्या हत्याराने पडलंय, त्यांना ते शहराच्या रस्त्यावर बाळगायची चोरी. आणि ज्याला त्याची गरज नाही, त्याला ते महागड्या खोक्यात, 'साहसा'च्या नावाखाली घरपोच मिळतं.

म्हणून जाहिरातींवर बंदी घाला, एवढंच म्हणून मला सुटता येत नाही. जाहिरातीने मला भीती विकली आणि मी विकत घेतली, पण ती पुढे नेऊन इतरांच्या डोळ्यांत मीच ठेवली. लिफ्टमध्ये एखादी बाई क्लिपकडे बघून जरा सरकली असेल, तर तिच्या त्या सरकण्याला मी जबाबदार आहे. पातं कधी उघडलं नाही, हे पुरेसं उत्तर नाही.

टूल आता घरी, ड्रॉवरमध्ये असतं. मिक्सरला लागतं. पण ते ठेवून देणं सोपं होतं, माझं काहीच अडलं नाही. अवघड होतं ते त्या रात्री दोन मिनिटं थांबणं आणि म्हणणं, "साहेब, याचं खरं आहे, शहाळ्याला कोयताच लागतो. मला मात्र हे लागत नाही."