पगार घेऊन येणाऱ्यांचं नागपूर

नागपूरची तारीफ करण्याची आता एक ठरावीक रीत पडून गेली आहे. रुंद रस्ते, झाडी, मेट्रो, एम्स, आयआयएम, समृद्धी महामार्ग, दोन-तीन तासांवर पेंच आणि ताडोबा. शिवाय पुण्यात ज्या किमतीत दोन खोल्यांवर समाधान मानावं लागतं, तेवढ्यात इथे ऐसपैस फ्लॅट आणि गाडी लावायला हक्काची जागा. एवढ्यानेही समोरचा बधला नाही तर हुकमाचं पान टाकायचं: ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्सने २०१८ मध्ये काढलेली यादी. २०१९ ते २०३५ या काळात जगात सर्वांत वेगाने वाढणारी जी दहा शहरं त्यांनी सांगितली ती सगळी भारतातली, आणि त्यांत नागपूर पाचवं. या यादीत सुरत पहिलं आहे आणि आग्रा दुसरं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. आग्र्याला बिऱ्हाड हलवा असा सल्ला कुणी कुणाला दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ती यादी अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या वेगाची होती. त्या शहरात माणसाने राहावं की नाही, हा प्रश्नच तिने विचारलेला नव्हता.

पण शहर बदलू पाहणाऱ्या माणसापुढे प्रश्न तोच असतो, आणि नागपूरच्या बाबतीत त्याचं उत्तर बरंचसं महिन्यावर ठरतं. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे घ्यायचं ठरलं. ते हिवाळ्यात येतं. मुंबईचे आमदार, सचिव, पत्रकार डिसेंबरात उतरतात. त्याआधी मंत्र्यांच्या मुक्कामाचं रविभवन रंगवलं जातं, सिव्हिल लाइन्सचे रस्ते गुळगुळीत होतात. पहाटेची थंडी, तर्री-पोहे, रात्री सावजी, ऐन बहरातली संत्री असं सगळं अनुभवून मंडळी परततात. उरलेल्या महाराष्ट्राच्या मनातलं नागपूर हे बऱ्याच अंशी डिसेंबरातल्या या मुक्कामाचं नागपूर आहे. आणि ते खरंच सुंदर असतं, त्यात खोटं काही नाही.

मे महिन्यात मात्र अधिवेशन भरत नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. मेअखेरच्या नवतप्यात दुपारी बारा ते पाच या वेळात गल्लीत कुत्रंही दिसत नाही. घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येते, आणि ओल्या ताट्यांचा वास नाकात बसतो. कूलर विजेवर चालतो तितकाच पाण्यावर चालतो, ही गोष्ट बाहेरून येणाऱ्याला पहिल्या उन्हाळ्यात कळते. शहराचं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानचं. पेंचच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात चौराई धरण झालं, त्यात २०१९ चा पाऊस लांबला आणि पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं. चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी देशभर नाव झालेल्या या शहरात त्या जुलैत एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं. चार वर्षांनी उलटंच झालं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या, महागड्या वस्त्यांमध्ये तळमजले बुडाले. हे दोष सांगून मला नागपूरला खाली पाडायचं नाही. मुंबई तर दरवर्षी बुडते. पण मुंबईत बुडण्याचा मोबदला मिळतो. तिथे काम आहे.

खरी अडचण मला नागपूरच्या गुणांतच दिसते. हा मोकळेपणा आला कुठून? १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. पुढे वऱ्हाड जोडला गेला, स्वातंत्र्यानंतर नागपूर मध्य प्रदेशाचं मुख्य ठाणं राहिलं. सिव्हिल लाइन्सचे बंगले, विधानभवन, उच्च न्यायालयाची ती देखणी इमारत, हे सगळं एका प्रचंड प्रांताच्या कारभारासाठी उभं राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. सरकार गेलं, आवार राहिलं. आज ज्या रुंद, सावलीच्या रस्त्यांवर पाहुणे फिदा होतात, ते रस्ते ज्या गर्दीसाठी आखले होते ती गर्दी दुसऱ्या गावाला वळली. (त्याच वर्षी, अवघ्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला इथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दर वर्षी लाखो माणसं येतात, आणि त्यांना बोलवायला कुणाला जाहिरात करावी लागत नाही.)

तीच गत कारखानदारीची. जमशेदजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला इथे एम्प्रेस मिल सुरू केली, मुंबईत नव्हे. तिच्या भोंग्यावर शहर उठत होतं, जेवत होतं. ती बंद पडली आणि त्या जागेवर मॉल उभा राहिला. जनगणनेचे आकडे बघा: २००१ ते २०११ या दहा वर्षांत नागपूर साडेवीस लाखांवरून चोवीस लाखांवर गेलं, म्हणजे सुमारे सतरा टक्के. त्याच काळात पुणे शहर सुमारे तेवीस टक्क्यांनी वाढलं, आणि त्यात पिंपरी-चिंचवड धरलेलंच नाही. घरं स्वस्त आहेत, ट्रॅफिक सुसह्य आहे, मेट्रोत बसायला जागा मिळते, कारण लोक आले नाहीत. मागे राहिल्याची जी फळं, तीच आम्ही आता गुण म्हणून विकायला काढली आहेत. ही विक्री यशस्वी झाली तर माल संपेल. बेसा, बेलतरोडी, मनीषनगरकडे तो संपायला लागलाच आहे.

यापूर्वी माणसं नागपूरला आली नाहीत असं नाही. उलट हे शहर बाहेरच्यांचंच. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास वसवलं, भोसल्यांबरोबर मराठे आले, हातमागाबरोबर कोष्टी आले. विणकरांच्या घरातलं तिखट रश्श्याचं जेवण आज ‘सावजी’ म्हणून शहराची ओळख झालं आहे. बंगाल-नागपूर रेल्वेबरोबर बंगाली आले, फाळणीनंतर सिंधी जरीपटक्यात वसले. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बिपिनकृष्ण बोस हे बंगालमधून आलेले वकील. पण यांतला कुणी नागपूर राहायला छान आहे म्हणून आलेला नव्हता. काम होतं म्हणून आले, किंवा दुसरीकडे जागा उरली नव्हती म्हणून.

ते काम पुन्हा आणण्यासाठीच मिहान या विमानतळालगतच्या उद्योग-प्रकल्पाचा घाट घातला गेला. विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. म्हणजे मिहानच्या घोषणेच्या सुमारास जन्मलेली मुलं आज इंजिनिअर होऊन बसली आहेत. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, एअर इंडियाचं विमानदुरुस्तीचं केंद्र आलं. हे काही थोडं नाही. पण सुरुवातीला जे चित्र रंगवलं होतं त्याच्या मानाने पटांगण अजून मोकळंच दिसतं.

शहराचा खरा निकाल मला यादीत नाही, दिवाळीच्या ट्रॅव्हल्समध्ये दिसतो. वसुबारसेच्या आधी पुण्याहून नागपूरकडे येणाऱ्या गाड्यांचं तिकीट दुप्पट-तिप्पट होतं. भाऊबीज झाली की हाच भाव उलट्या दिशेला लागतो. अजनी-पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा इथे केवढा आनंद झाला! आपली पोरं लवकर घरी येतील म्हणून. ती लवकर परतही जातील, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. लक्ष्मीनगर, प्रतापनगरच्या दुमजली घरांत वरचा मजला रिकामा किंवा भाड्याने, आणि खाली दोघं म्हातारे. पोरगं हिंजवडीत, पोरगी बंगळूरला. शहराने आपली मुलं वाढवायची, शिकवायची आणि पाठवून द्यायची, हा इथला खरा निर्यात-व्यापार आहे.

म्हणून नागपूर लौकिकाप्रमाणे आहे का, या प्रश्नाला मी उलट प्रश्न करतो: तुम्ही पगार घेऊन येणार आहात की पगार शोधायला? २०२० नंतर पुण्या-बंगळूरची नोकरी घरून करणारे जे परत आले, ते सुखात आहेत, असूयाच वाटावी इतके. आई-वडिलांचा दवाखाना जवळ. धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांत तर छत्तीसगडहून माणसं येतात. शाळा वीस मिनिटांवर. त्यांच्यासाठी हे शहर जाहिरातीपेक्षाही चांगलं आहे. फक्त त्यांच्या पगारामुळे बेशाला जमिनीचा जो भाव चढतो, तो इथल्याच शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांच्या हाताबाहेर जातो, आणि मग मास्तर नियमितीकरणाचं आरएल लेटर नसलेल्या ले-आउटमध्ये टँकरच्या भरवशावर प्लॉट घेतो.

परत येऊ पाहणाऱ्यांच्या घरी होणारी बोलणी मी पुष्कळदा ऐकली आहेत. सासरे सांगतात, हवा चांगली, माणसं मायाळू. मुलगा सांगतो, ईएमआय निम्मा होईल. हिशोब सगळा एका पगाराचा असतो. पण आजकाल घरात दोन पगार असतात, आणि त्यांतला एक लॅपटॉपमधून आणता आला तरी दुसरा बहुधा आणता येत नाही. जैवतंत्रज्ञानात दहा वर्षं घातलेल्या, जाहिरात संस्थेत किंवा प्रकाशनात काम करणाऱ्या सुनेने इथे यावं तर कुठे? एकच जागा असेल, ती भरलेली असेल. ती सोडली तर दुसरी नाही. ‘काही ना काही मिळून जाईल’ असं तिला सांगितलं जातं. फ्लॅट बघायला नवतप्यात या, तळमजला घ्यायचा तर २०२३ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारा, हे सगळं मी सांगतोच. पण त्याआधी तिचा बायोडाटा चार ठिकाणी पाठवून बघा, आणि उत्तर येईपर्यंत पुण्याचं घर सोडू नका.