माळ आणि सिनेमा

भाविकहो, गेल्या चैत्रात एका गावी सप्ताहाचे कीर्तन उरकून आम्ही पाटावर टेकलो होतो. इतक्यात एक म्हातारे माळकरी आले. मागे खाली मान घातलेला विशीचा नातू. म्हाताऱ्यांनी मुठीतली तुळशीची माळ आमच्यापुढे ठेवली नि म्हणाले, "महाराज, ही याच्या गळ्यातली. मीच काढून घेतली. याला पुण्याला सिनेमा शिकायला जायचंय. आमच्या घरी तीन पिढ्यांची वारी. सिनेमावाल्याच्या गळ्यात माळ शोभते का, तुम्हीच सांगा."

आम्ही पोराला जवळ बसवून घेतले. तो म्हणाला, "रात्री गोधडीत मोबाइलवर सिनेमे बघतो, हे खरं आहे महाराज. पण मला नुसतं बघायचं नाही, करायचंय." मग हळूच दुसरी गोष्ट त्याच्या तोंडून निघाली. आजीच्या आषाढी दिंडीची भिशी भरायला दिलेले पैसे त्याने प्रवेश परीक्षेच्या फीपायी खर्चले होते, आणि घरी 'भिशी भरली' म्हणून सांगितले होते. हे ऐकून आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनाही ते त्याच वेळी कळत होते.

आता यात दोष कोणता, हे आपण नीट निवडून पाहू. तांदळात खडा निघाला म्हणून कोणी तांदूळ उकिरड्यावर टाकीत नाही.

सिनेमा हा मुळातच बाटलेला, असे म्हणावे तर त्याचा आरंभ पाहा. दादासाहेब फाळक्यांनी ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरात आपला पहिला चित्रपट दाखविला, तो राजा हरिश्चंद्राचा. त्या काळी पडद्यावर यायला कोणी बाई तयार होईना, म्हणून तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. लोक नाके मुरडीत होते. पण विषय होता सत्याचा! पुढे १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' काढला. तुकोबांचे काम केले विष्णुपंत पागनीसांनी. हे पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या मुखातून तुकोबा असे उभे राहिले, की १९३७ साली व्हेनिससारख्या परमुलखातही त्या बोलपटाचा गौरव झाला. त्यातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी रचलेला, पण पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटला. आमचे वडील सांगत, तंबूत हा खेळ लागला की कित्येक माणसे पायताण बाहेर काढून आत बसत. आणि गंमत अशी, ज्या आवारात प्रभातचा स्टुडिओ होता, तिथेच १९६० साली सरकारने चित्रपट शिकविणारी संस्था काढली. पोराला जायचे ते तिथेच!

नाथमहाराजांनी काय केले? वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे भारुडात आणून परमार्थाच्या कामी लावली. सोंग वाईट नाही. ते कोणासाठी घेतले, हे पाहावे. आणि डोळा तरी वाईट कसा म्हणावा? डोळा नसता तर विटेवरचे रूप पाहायला आपण पायी कशाला गेलो असतो?

याचा अर्थ पडद्यावर येईल ते सारे गोड मानावे असा नव्हे, बरे का. मन नासवणारे खेळही आहेत, आणि आता तर ते उशाशी येऊन पडले आहेत. त्याला कसोटी एकच. खेळ पाहून उठलेला माणूस आईशी मऊ बोलतो की वसकन अंगावर जातो? पहाटे काकड्याला उठतो की ऊन वर येईतो लोळतो? हे ज्याचे त्याने तपासावे.

मग आम्ही पोराला म्हटले, "बाळ, हरिश्चंद्राने सत्यासाठी राज्य सोडले. त्याच्या नावाने जी विद्या या देशी सुरू झाली, ती तू खोटे बोलून मिळवणार? म्हातारीची वारी गहाण टाकून? सिनेमाने तुझी माळ बाटली नाही. त्या खोट्या बोलाने बाटली. उद्या दिंडीच्या प्रमुखांकडे स्वतः जा, झाले ते सांग. आषाढीच्या आत रोजंदारीने पैसे फेड. आजीच्या पाया पड."

आणि आजोबांना म्हटले, "बुवा, वारीत अनोळखी पोरालाही आपण माउली म्हणतो, त्याच्या पाया पडतो. मग घरचा नातूच तेवढा परका का? माळ ही शिक्षा म्हणून काढायची वस्तू नव्हे. तो चुकला, म्हणून तर ती त्याच्या गळ्यात हवी."

म्हातारे बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी माळ उचलून उपरण्याच्या टोकात बांधली आणि पोराला म्हणाले, "आधी भिशी भर. मग मी माझ्या हातानं घालीन." आम्हाला तो न्याय पटला.

भाविकहो, ज्याच्या घरी असे पोर असेल त्याने गोधडी ओढून मोबाइल हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून विचारावे, "काय बघतोस रे?" तेवढ्याने तुटणारे पुष्कळ सांधते.

रामकृष्णहरि!