दिसतंय का?

आजचे शास्त्रवाचन : मार्क ८:२२-२६



आजचा उतारा फक्त पाच वचनांचा आहे आणि मार्काशिवाय दुसऱ्या कुठल्याही शुभवर्तमानात तो सापडत नाही. आधी बायबल उघडून तो वाचा, मग पुढे या. मी थांबते.

वाचलात? बेथसैदा गाव. लोक एका आंधळ्याला प्रभूकडे आणतात आणि याला फक्त स्पर्श करा, एवढंच मागतात. प्रभू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. त्याच्या डोळ्यांत थुंकतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? माणूस खरं ते सांगतो. माणसं दिसताहेत, पण चालत्या झाडांसारखी. मग प्रभू पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि त्याला सगळं स्पष्ट दिसू लागतं.

दोन टप्प्यांत बरं झालेला माणूस चारही शुभवर्तमानांत हा एकच. संडे स्कूलमध्ये असताना मला हा उतारा जरा अडचणीचाच वाटायचा. प्रभूला दोनदा हात का ठेवावे लागले? पहिल्यांदा जमलं नाही की काय? अभ्यासक सांगतात की मार्काने ही घटना मुद्दाम इथे मांडली आहे. तिच्या थोडं आधी, तारवात, प्रभू शिष्यांना विचारतो की डोळे असून तुम्हांला दिसत नाही का. आणि लगेच नंतर फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना पेत्र त्याला ख्रिस्त म्हणून ओळखतो, पण दुःखसहनाची गोष्ट निघताच त्यालाच अडवायला जातो. म्हणजे शिष्यांनाही अजून झाडंच दिसत होती. हे सगळं बरोबर आहे. पण गेले दोन महिने या उताऱ्यातला तो छोटा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे, आणि आज मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या मंडळीत एक बाई आहेत. निवृत्त शिक्षिका. अख्खी मंडळी त्यांना ‘बाई’ म्हणते, पाळकसाहेबसुद्धा. अर्ध्या तरुण संघाला पहिलं सुवर्णवचन त्यांनीच पाठ करून घेतलं, त्यात मीही आले. एकट्या राहतात. दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आदल्या रविवारी उपासनेत त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, ग्रुपवर मेसेज गेला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी मोजले, त्रेचाळीस. त्यातले दोन हात माझे. शिवाय मी रोज सकाळी वचनाचं चित्र पाठवते ना, त्या आठवड्यात मुद्दाम डोळ्यांवरची, प्रकाशावरची वचनं निवडली. मागे उगवता सूर्य, फॉन्ट सुंदर. बाईंकडून रोज अंगठा यायचा. मला वाटायचं, चला, बाई आशीर्वादित होताहेत.

शनिवारी रात्री नगरहून आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने सहज विचारलं, “बाईंच्या डोळ्यात औषध कोण घालतंय गं?”

मी गप्प. कोण घालतंय? मला माहीत नव्हतं. ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं. त्रेचाळीस जणांनी हात जोडले होते आणि हा प्रश्न एकाच्याही तोंडून निघाला नव्हता.

रविवारी उपासना झाल्यावर गेले. बाई काळा चष्मा लावून खाटेवर बसल्या होत्या. गाऊनचा गळा ओला, गालावर औषधाचा सुकलेला पांढरट ओघळ. त्यांचा हात थरथरतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत होते. प्रभुभोजनाच्या वेळी पेला धरताना दिसतोच की! पण थरथरता हात आणि डोळ्यातला थेंब या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नाहीत. “तीन पडले तर एक आत जातो बघ,” म्हणाल्या. पाच दिवसांत बाटली तळाला गेली होती आणि डोळा लाल झाला होता.

मी विचारलं, “बाई, ग्रुपवर सांगायचं ना.”

“वाचता कुठं येतंय? तू पाठवतेस तेही दिसत नाही. टिंग वाजलं की कळतं, कुणीतरी आठवण काढली. मग अंदाजाने अंगठा दाबते.”

एवढे दिवस मी जे पाठवत होते त्यातलं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं ते फक्त टिंग.

आणखी एक कळलं. खालच्या मजल्यावरच्या एक ताई दुपारी एक वाजता येऊन एकदा नीट थेंब घालून जात होत्या. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत, ख्रिस्तीही नाहीत. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. जिन्यात बाई भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “दिसतंय का आता?”

सोमवारी रजा टाकून बाईंना रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मला मुलगी समजून चिडले. “घरी कुणी नाही का लक्ष द्यायला?” मी “आहोत” म्हटलं, आणि म्हणताना कान तापले. देवाच्या दयेने डोळ्याला कायमची इजा झाली नव्हती. त्यांनी कागदावर वेळापत्रक लिहून दिलं. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असं आठवड्याला एकेक कमी करत सहा आठवडे. बाहेर रिक्षाची वाट बघत मी हिशेब केला. १४७ थेंब. एका डोळ्याला.

थेंब घालायची पद्धत असते, ती मला नर्सने दाखवली. आधी हात साबणाने धुवायचे. बाटली हलवायची. मान मागे, नजर छताकडे. खालची पापणी हळूच ओढली की छोटासा खिसा तयार होतो, त्यात एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता. मग डोळा मिटून स्वस्थ बसायचं. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबून. म्हणजे घाई असलेल्या माणसाचं हे कामच नाही.

आम्ही वेळा वाटून घेतल्या. सकाळी सात आणि रात्री दहा माझ्या, दुपारी एकची ताईंची, बाकीच्या महिला मंडळ आणि तरुण संघाने घेतल्या. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना भारी उत्साह. बाईंचा हात माझ्या हातात, असा एक फोटोही मी काढला. स्टेटसला टाकायला. वर कुठलं वचन घालायचं तेही ठरलं होतं. त्या रात्री झोपण्याआधी हाच उतारा वाचनात आला, आणि प्रभू त्या आंधळ्याला गावाबाहेर घेऊन गेला या शब्दांशी मी अडखळले. चमत्कार चौकात करता आला असता, गर्दी तयारच होती. प्रभूने त्याचा हात धरला आणि जिथे बघायला कुणी नाही तिथे त्याला चालत नेलं. बरा झाल्यावरही त्याला गावात न जाता घरी जायला सांगितलं. फोटो अजून फोनमध्ये आहे, पण तिथेच आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून मात्र खरी परीक्षा. नवेपण गेलं. दोघांनी परीक्षा आणि ऑफिसचं कारण देऊन वेळा सोडल्या. माझी कंपनीची बस ७:४० ला असते. एका सकाळी बाई गप्पांच्या मूडमध्ये होत्या, मान मागे करायलाच तयार नाहीत. मी जरा तुटकपणे म्हटलं, “बाई, वर बघा हो, बस जाईल माझी.” त्या लगेच गप्प झाल्या. थेंब पडल्यावर डोळा मिटूनच म्हणाल्या, “उशीर होत असेल तर उद्यापासून नको येऊस, बाळा. मी घालीन माझी मी.”

बस मिळाली, पण हिंजवडीपर्यंत मला काही सुचलं नाही. माझ्या हातून त्यांच्या डोळ्यात औषध गेलं होतं, आणि त्याच हाताने मी त्यांना ओझं करून टाकलं होतं. पौल करिंथकरांना प्रीती म्हणजे काय ते सांगू लागतो तेव्हा सुरुवात सहनशीलतेने करतो, पुढचा शब्द दयाळूपणाचा. हा अध्याय आपल्याकडे लग्नात वाचतात. मला तो त्या दिवशी ट्रॅफिकमध्ये लागला.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातलाच गेले. क्षमा मागितली. बाई हसल्या आणि आधी चहा ठेवला. हो, त्यांनीच, थरथरत्या हाताने, आणि बशीत सांडलेला चहाही मला प्यायला लावला.

आपल्या मराठी मंडळ्यांना ही वाट नवी नाही खरं तर. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांनाही घर दिलं, आणि त्यांना वाचता यावं म्हणून त्यांची मुलगी मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकली आणि मग ती तिने त्यांना शिकवली. अंध बहिणींना वचन वाचून दाखवून ती मोकळी होऊ शकली असती. ती आधी त्यांच्या अंधाराची लिपी शिकायला बसली. माझ्या उगवत्या सूर्याच्या चित्रांची आठवण झाली की मला ती आठवते. आता बाईंना मी चित्र पाठवत नाही. रात्रीच्या थेंबानंतर डोळा मिटून ठेवायचा असतो, तेवढ्यात दुसऱ्या दिवशीचं वचन त्यांना वाचून दाखवते. कधी कधी माझा उच्चार सुधारतात.

प्रियांनो, हा उतारा वाचताना मला सर्वांत नवल वाटतं ते प्रभूने विचारलं याचं. त्याला काय माहीत नव्हतं? तरी तो विचारतो, आणि अर्धवट उत्तर ऐकून घेतो. “झाडांसारखी दिसताहेत” हे उत्तर द्यायला त्या माणसाला किती धीर लागला असेल! आपण असतो तर म्हटलं असतं, “हो हो, बरंच बरं आहे, देवाची स्तुती असो.” बाईही आम्हां सगळ्यांना आठवडाभर अंगठाच देत होत्या. कारण कुणी थांबून विचारलं नव्हतं आणि पुन्हा हात ठेवायला कुणी थांबलेलं दिसत नव्हतं.

मागच्या सोमवारी १४७ वा थेंब पडला. तसा हिशेबाचाच म्हणायचा, कारण पहिल्या पाच दिवसांतले बरेचसे गालावरच गेले होते. बाईंनी डोळा उघडला, चष्मा लावला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, कपाळावर केवढी मुरुमं आलीत तुझ्या! झोपत नाहीस का नीट?”

डावा डोळा पुढच्या महिन्यात आहे. सकाळी दहाची आणि दुपारी चारची वेळ अजून रिकामी आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू त्या माणसाचा हात धरलास, तसा आज ज्याचा हात आम्ही धरायला हवा तो आम्हांला दाखव. विचारायला लाज वाटते, आणि खरं उत्तर ऐकायची भीती वाटते, तीही तू जाणतोस. बाईंच्या डाव्या डोळ्यासाठी आणि खालच्या मजल्यावरच्या ताईंसाठी तुझे आभार मानते. सकाळी पावणेसातला मला उठव. तुझ्याच नावाने मागते. आमेन.