दहशतवादाला युद्ध हे उत्तर आहे काय?

निरपराध माणसांना त्यांचा धर्म विचारून ठार मारले जाते, तेव्हा त्या रक्ताला उत्तर काय द्यावे? २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधील पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. त्यांतील दोघे आमच्या पुण्याचे. पर्यटकांच्या बचावासाठी पुढे झालेला एक मुसलमान घोडेवाला त्यांत होता, तसाच एक ख्रिस्ती बांधवही होता. त्या दिवसांत बारामतीच्या एस. टी. स्थानकापासून इंदापूरच्या बाजारापर्यंत युद्धाचीच भाषा होती. तो संताप आम्ही पाप मानीत नाही. अन्याय पाहून ज्याचे अंतःकरण पेटत नाही, त्याला न्यायाची चाड नाही. परंतु संतापाने विचाराला जागे करावे. विचाराची जागा घेऊ नये.

ख्रिस्तसभेने हा विचार शतकानुशतके केला आहे. युद्धाचे प्रयोजन शांती हेच असले पाहिजे, असे संत ऑगस्टीन यांनी सांगितले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तीन अटी घातल्या : निर्णय राज्यसत्तेचा असावा, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात या विचाराला आणखी धार आली. आक्रमकाने केलेली हानी गंभीर, टिकाऊ व निश्चित असावी. अन्य सर्व उपाय निष्फळ ठरलेले असावेत. यशाची खरी आशा असावी. आणि शस्त्रांनी ओढवणारा अनर्थ मूळच्या अनर्थाहून मोठा नसावा.

दहशतवादाच्या बाबतीत ही शेवटची अट सर्वांत कठीण आहे. दहशतवादी रणांगणावर समोर उभा राहत नाही. तो वस्तीत दडतो, आणि त्याच्यासाठी डागलेला तोफगोळा शेजारच्या पाळण्यापर्यंत पोहोचतो.

बारामतीत कऱ्हेकाठी राहून मोरोपंतांनी (१७२९–१७९४) महाभारताची अठराही पर्वे आर्या वृत्तात मराठीत आणली. त्या कथेतील अश्वत्थामा आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याने रात्री शिबिरात शिरून झोपलेल्यांची कत्तल केली. दहशतवादाचे याहून जुने चित्र कोणते? पुढे त्याने अस्त्र सोडले, अर्जुनानेही सोडले. दोन अस्त्रे भिडली असती तर जगच जळाले असते, म्हणून व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले. अर्जुनाची बाजू न्यायाची होती. तरीही अस्त्र प्रथम आवरले ते त्यानेच. अश्वत्थाम्याची मात्र सुटका झाली नाही. त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेण्यात आला. शिक्षा अपराध्याला झाली; जग वाचले.

आता कोणी म्हणेल, ‘फादर, मारेकऱ्यापुढे उपदेश काय कामाचा?’ हा प्रश्न रास्त आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत दहशतवादी हल्ला सुरू झाला आणि त्यात १६६ जणांचे प्राण गेले. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या आपल्या अंगावर घेतल्या. निरपराधांच्या रक्षणासाठी बळ वापरणे हा राज्यसत्तेचा अधिकार आहे, आणि कर्तव्यही. शत्रूवर प्रीती करा, ही प्रभू येशूची आज्ञा आपणांस द्वेष करू देत नाही. पण शेजाऱ्याला मारेकऱ्याच्या हाती सोपवण्यासही ती सांगत नाही.

त्या हल्ल्यानंतर भारताने युद्ध पुकारले नाही. कसाबवर खुल्या न्यायालयात खटला चालला. त्याला वकीलही मिळाला. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी आमच्याच जिल्ह्यातील येरवडा कारागृहात त्याला फाशी झाली. देहदंड ख्रिस्तसभा मान्य करीत नाही. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी हे धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट केले. तरीही अपराध पुराव्याने सिद्ध करून एकट्या अपराध्याला जबाबदार धरणे, ही न्यायाची वाट होती.

पहलगामनंतर ७ मे २०२५ रोजी भारताने नऊ ठिकाणी प्रहार केला. लक्ष्य दहशतवाद्यांचे तळ होते, असे सरकारने सांगितले. नेम धरून केलेला मर्यादित प्रहार आणि युद्ध यांत नैतिक भेद आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु तो भेद टिकवणे एकाच बाजूच्या हाती नसते. त्याच दिवशी पुंछमध्ये पाकिस्तानी तोफांचे गोळे पडले. कार्मेलाइट धर्मगुरूंच्या ख्राइस्ट स्कूलमागे एक गोळा फुटला आणि त्या शाळेची दोन मुले आपल्या घरीच प्राणास मुकली. १० मे रोजी शस्त्रे थांबली. दुसऱ्याच दिवशी नूतन पोप लिओ चौदावे यांनी त्याबद्दल समाधान व्यक्त करून टिकाऊ समेटाची आशा बोलून दाखवली. दोन्ही देशांपाशी अण्वस्त्रे आहेत. अशा वेळी चौथी अट पाळली जाईल, याची हमी कोण देणार?

म्हणून आमचे उत्तर असे : दहशतवाद्याला रोखण्यासाठी, पकडण्यासाठी, अन्य उपायच न उरल्यास त्याच्यावर शस्त्र चालवण्यासाठीही, न्याय्य आधार असू शकतो. एका राष्ट्राला वा समाजाला धडा शिकवण्यासाठी पुकारलेल्या युद्धाला तो नाही. २००२ च्या विश्वशांती दिनाच्या संदेशात पोप जॉन पॉल दुसरे यांनी दहशतवादापासून संरक्षणाचा हक्क मान्य केला आणि लगेच बजावले, की अपराध व्यक्तीचा असतो. तो तिच्या राष्ट्रावर, वंशावर वा धर्मावर लादता येत नाही.

युद्धाचा निर्णय दिल्लीत होतो. तो आपल्या हाती नाही. पण आपली जीभ आपल्या हाती आहे. उसाच्या फडात, कारखान्याच्या फाटकावर, मुलांच्या शाळेत रोज भेटणाऱ्या मुसलमान शेजाऱ्याला आपण पहलगामचा जाब विचारतो, तेव्हा माणसाचा धर्म विचारणाऱ्या त्या मारेकऱ्यांचाच हिशेब आपण मान्य करतो. गेथशेमनी बागेत पेत्राने उपसलेली तलवार प्रभूने म्यानात घालायला लावली आणि शत्रूच्या सेवकाचा तुटलेला कान बरा केला. जे सैनिक सीमेवर उभे आहेत, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करूच. त्याच मिस्साबलीत पुंछच्या त्या दोन मुलांसाठी आणि सीमेपलीकडे मेलेल्या निरपराधांसाठीही प्रार्थना करण्याचे बळ प्रभू आपणांस देवो.