*रिकामं वर्ष*

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न असतो, आमच्याही मनात येतो. इतकी वर्षं नाम घेतोय, पारायणं झाली, तरी राग तसाच, हट्ट तसाच. मग हे सगळं वाया गेलं का? हाच प्रश्न घरातल्या माणसांबद्दलही पडतो. मुलाला, सुनेला, भावाला आणखी किती वेळ द्यायचा?

आज याचा विचार एका फुलपाखराच्या निमित्ताने करू या.

आपल्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखरू अंडी घालून जातं. उबदार हवेत साधारण महिन्याभरात अंड्याचं सुरवंट, कोष आणि पुन्हा फुलपाखरू होतं. आपल्याला सवय या वेगाची आहे.

पण फिनलंड, स्वीडन, सायबेरिया, कॅनडा या थंड मुलखांतल्या दलदलीत जुट्टा आर्क्टिक नावाचं एक तपकिरी फुलपाखरू राहतं. पंखांच्या कडेला पिवळट-नारिंगी ठिपके. पंख मिटून झाडाच्या खोडावर बसलं की सालीपासून वेगळं ओळखू येत नाही. तिथला उन्हाळा इतका तोकडा, की एका वर्षात याचं सुरवंट पूर्ण वाढतच नाही. दलदलीतल्या गवतावर थोडे दिवस खायचं, मग गवताच्या बुंध्याशी, शेवाळात, बर्फाखाली हिवाळा काढायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा खायचं, पुन्हा एक हिवाळा. तेव्हा कुठे पंख फुटतात, आणि उडायला मिळतात ते मोजके आठवडे.

यातून एक नवल घडतं. बऱ्याच ठिकाणी हे फुलपाखरू वर्षाआड दिसतं. कुठे फक्त सम वर्षी, कुठे फक्त विषम. मधल्या वर्षी तुम्ही तिथे गेलात, दिवसभर हिंडलात, तरी एकही दिसणार नाही. तुम्ही म्हणाल, इथे काही नाही. आणि त्याच वेळी ती सगळी तुमच्या पायाखाली गवतात असतील.

म्हणजे रिकामं वर्ष रिकामं नसतं, फक्त ते पाहणाऱ्याला दिसत नाही. साधनेचंही असंच असावं असं आम्हाला वाटतं.

पण इथे स्वतःला फसवायला मोठी जागा आहे, तेही सांगायला हवं. "आमचं आत चाललंय" असं म्हणून आळसही लपवता येतो. तर फरक ओळखायचा कसा? सुरवंटाकडे पाहा. ते दिसत नाही, पण ऊन आहे तोवर खात असतं. नुसतं पडून राहिलं असतं तर दोन काय, दहा वर्षांतही पंख फुटले नसते. म्हणून स्वतःला "फळ मिळालं का?" असं विचारू नये. "आज खाल्लं का?" असं विचारावं. आज माळ झाली का, आज जीभ एकदा तरी आवरली का. याचं उत्तर 'हो' असेल तर काळजी नको. 'नाही' असेल तर वाट पाहण्याचं नाव घेऊ नये.

दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही, कारण त्याच्या आतलं आपल्याला दिसत नाही. तिथे आपण स्वतःकडेच पाहायचं: आपण पाणी राखतोय की चर खणतोय?

चर म्हणजे काय ते सांगतो. फिनलंडमधल्या निम्म्याहून अधिक दलदली विसाव्या शतकात चर खणून कोरड्या केल्या, मुख्यतः लाकडासाठी झाडं वाढावीत म्हणून. खणणारे दुष्ट नव्हते. रिकामी दिसणारी जमीन कामाला लावू, एवढाच हेतू. पण पाणी गेलं, झाडांची सावली दाटली, उघड्या दलदलीतलं गवत मागे हटलं. तिथला शेवाळाचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतो, एक मीटर व्हायला हजारेक वर्षं लागतात. चर खणायला तेवढा वेळ लागत नाही.

आपल्या घरातले चर साधे असतात. जेवताना मारलेला टोमणा. "तुझ्या वयाचा तो बघ." फॅमिली ग्रुपवर दुसऱ्यांच्या मुलांचे मार्क. हेतू चांगलाच असतो, पण पाणी जातं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. धीर धरणं म्हणजे मार खाणं नव्हे. सुरवंट कुणाचं घर मोडत नाही. जिथे दारू, हात उगारणं, छळ आहे, तिथे "थांबा, बदलेल" असं सांगणं हा धर्म नाही. तिथे आधी त्या माणसाला सुरक्षित करायचं, मदत घ्यायची. बदलाची वाट दुरूनही पाहता येते.

समाधानाची गोष्ट अशी, की फिनलंडमध्ये आता काही संरक्षित दलदलींत ते जुने चर बुजवले जात आहेत. चूक कळली, हातात फावडं घेतलं. आपल्यालाही ते जमेल.

या आठवड्यात एवढंच करू. घरातल्या ज्या एका माणसाबद्दल "याचं काही होणार नाही" असं आपण ठरवून टाकलंय, त्याच्याबद्दल सात दिवस तसं बोलायचं नाही. घरी नाही, फोनवर नाही, ग्रुपवरही नाही. आम्हीही हेच करणार आहोत, आणि आम्हालाही ते सोपं नाही.

॥ श्री गुरुचरणार्पणमस्तु ॥