त्यांनीं उतरावें कोठें?

वाटसरूस आसरा द्यावा कीं न द्यावा, असा प्रश्न रविवारच्या उपासनेनंतर कोणी आमच्या मंडळींत विचारला, तर 'द्यावा' ह्याशिवाय दुसरें उत्तर क्वचितच मिळेल. परंतु तोच प्रश्न ग्रामसभेंत निघाला म्हणजे त्याचें स्वरूप पालटतें. तेथें वाटसरू एकटा नसतो. त्याच्याबरोबर वीस बिऱ्हाडें, गाढवें, कुत्रीं व धुळीनें माखलेलीं मुलें असतात. जागाही केवळ बोलण्यांतील नसून अमुक गट नंबरची, आपल्या बांधाला लागून असलेली असते. मग जो तो म्हणूं लागतो, 'त्यांना जागा मिळालीच पाहिजे, पण येथें नको.' शेजारच्या गांवचे लोकही हेंच म्हणतात, आणि त्यांच्या पलीकडच्या गांवचेही हेंच म्हणतात. अशा रीतीनें संमति सर्वांची, आणि जागा कोठेंच नाहीं. ह्या 'येथें नको' चा नीतीच्या व सुवार्तेच्या दृष्टीनें काय अर्थ होतो, ह्याचा आज आम्ही थोडा विचार करणार आहों.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशांतला नाहीं. आयर्लंड देशांत ट्रॅव्हलर ह्या नांवाचे लोक आहेत. ते परदेशांतून आलेले नाहींत. ते आयरिशच आहेत, व त्यांच्यापैकीं बहुतेक रोमन कॅथॉलिक मंडळीचे आहेत. पत्र्याचीं भांडीं घडविणें व दुरुस्त करणें, घोड्यांची खरेदी-विक्री करणें, असे उद्योग करीत ते पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले. आतां पुष्कळ जण घरांत राहतात, कित्येक अजून चाकांच्या घरांत राहतात. त्यांच्या राहण्याच्या व उतरण्याच्या जागांसाठीं प्रत्येक स्थानिक संस्थेनें योजना आंखावी, असा कायदा तेथें १९९८ सालीं झाला. आणि स्वतंत्र समाज म्हणून त्यांस सरकारी मान्यता १ मार्च २०१७ रोजीं मिळाली. तरी अमुक ठिकाणीं तळ करावयाचा असें ठरलें कीं, आसपासचे रहिवासी हरकत घेतात, आणि योजना कागदावरच राहते.

ता. १० ऑक्टोबर २०१५ रोजीं पहांटे, डब्लिन शहराच्या दक्षिणेस कॅरिकमाइन्स येथें अशाच एका तात्पुरत्या तळावर आग लागून १० माणसें मरण पावलीं. त्यांत ५ लहान मुलें होतीं. सारा देश हळहळला. वांचलेल्या कुटुंबांस राहावयास स्थानिक संस्थेनें जवळच एक जागा पाहिली. तेव्हां तेथील कांहीं रहिवाशांनीं रस्त्यावर मोटारी उभ्या करून कामगारांची वाट अडविली. आपल्याशीं आधीं विचारविनिमय झाला नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. शेवटीं ती जागा सोडून देऊन त्या दुःखी कुटुंबांस दुसरीकडे न्यावें लागलें. ते रहिवासी दुष्ट होते, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं मृतांसाठीं प्रार्थनाही केली असेल. परंतु ज्यांच्यासाठीं अश्रु ढाळावयाचे, त्यांनाच शेजारीं उतरूं द्यावयाचें नाहीं, ही गोष्ट एकाच मनुष्याच्या हृदयांत राहूं शकते, हें ह्या उदाहरणावरून दिसतें.

दूर देशाची गोष्ट आम्हीं मुद्दाम आधीं सांगितली. कारण दुसऱ्याच्या अंगणांतील केर लवकर दिसतो. आतां आपल्या अंगणाकडे पाहूं.

सुगी आटोपली कीं आपल्याही शिवारांत पालें पडतात. कोणी नंदीवाले, कोणी वैदू, कोणी डोंबारी, कोणी घिसाडी, कोणी पारधी. पूर्वीं ह्यांपैकीं पुष्कळांचें गांवाशीं कामाचें नातें होतें. घिसाड्यानें विळे-कुऱ्हाडी घडवून द्याव्या, वैदूनें झाडपाला व मुळ्या द्याव्या, वडारानें दगड फोडून विहीर बांधून द्यावी. आणि गांवानें त्यांस धान्य देऊन कांहीं दिवस गायरानांत उतरूं द्यावें. आतां अवजार बाजारांत तयार मिळतें, विहीर यंत्रानें खणली जाते, आणि करमणूक हातांतल्या फोनवर होते. गायरानही पूर्वीइतकें राहिलेलें नाहीं. त्यांचें काम गेलें, येणें मात्र राहिलें. आणि ज्याचें काम उरलें नाहीं, त्याचें येणें लोकांच्या डोळ्यांत खुपूं लागतें.

ह्या संशयास कायद्याचेंही खतपाणी मिळालें. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला, व पुढें तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. त्या कायद्यानें मनुष्याचें कृत्य पाहिलें नाहीं. त्याचा जन्म पाहिला. पोलिसांपुढें हजेरी, परगांवीं जाण्यास परवाना, आणि कित्येकांस कुंपणाच्या आंतील सेटलमेंट, असें जिणें त्यांच्या वांट्यास आलें. सोलापुरास अशी मोठी सेटलमेंट होती. देशाच्या निरनिराळ्या भागांत अशा कांहीं वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनींही चालविल्या. तेथें शाळा व उद्योग काढले गेले, हें खरें. पण कुंपण तें कुंपणच, हें आपण ख्रिस्ती लोकांनीं विसरतां कामा नये. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो शिक्का कायद्यांतून पुसला गेला. लोकांच्या मनांतून मात्र पुसला गेला नाहीं. ता. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, बाजाराच्या दिवशीं, मुलें पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून जमावानें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ पुरुषांस ठार मारिलें. ते भिक्षा मागण्यास आलेले होते. त्यांनीं कोणाचेंही मूल पळविलें नव्हतें. 'येथें नको' ह्या शब्दांचा शेवट नेहमीं असा होतो असें नाहीं. पण रस्ता त्याच दिशेचा आहे.

आतां गांवकऱ्यांच्या हरकतींकडे वळूं. त्या आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. ज्या गांवांत उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर येतो, तेथें आणखी शंभर माणसांस पाणी कोठून द्यावें, हा प्रश्न खोटा नव्हे. उघड्यावर शौचास बसल्यानें रोगराई पसरते, ही भीतिही खोटी नव्हे. आणि अशी वस्ती नेहमीं गरिबांच्याच वाडीशेजारीं कां बसवितात, धनवानांच्या बंगल्यांशेजारीं कां नाहीं, असें कोणी विचारिलें तर तो प्रश्न न्यायाचाच आहे. विरोध करणें हेंच पाप, असें आम्ही म्हणणार नाहीं.

मग योग्य हरकत कोणती व अयोग्य कोणती, हें कसें ओळखावें? आमच्या मतें त्याची एक सोपी कसोटी आहे. हरकत घेणाऱ्यास विचारावें कीं, बाबा, तूं सांगतोस ती अडचण दूर झाली तर तुझी हरकत उरेल काय? वेगळा नळ दिला, शौचालयें बांधलीं, केर नेण्याची व्यवस्था केली, मुक्कामाची मुदत ठरविली, तर तूं 'येऊं द्या' म्हणशील काय? जो 'होय' म्हणेल, त्याची हरकत जागेविषयीं आहे. तिचा मान राखावा, व ती दूर करण्यास अधिकाऱ्यांस भाग पाडावें. परंतु जो म्हणेल, 'तें सारें झालें तरी नको', त्याची हरकत पाण्याविषयीं नाहीं, शौचालयाविषयीं नाहीं. ती मनुष्याविषयीं आहे. ज्या हरकतीस उपाय आहे ती विचार करण्याजोगी. जिला कोणताच उपाय नाहीं, ती हरकत नव्हे, तो द्वेष आहे. आणि द्वेष पाण्याचें नांव घेऊन आला म्हणून शुद्ध होत नाहीं.

ही कसोटी लाविली म्हणजे आणखी एक गोष्ट दिसून येते. 'हे लोक घाण करितात म्हणून त्यांस जागा देऊं नये', असें आपण म्हणतों. परंतु ज्यास चार दिवस कोठें टिकूं दिलें जात नाहीं, त्यानें शौचालय बांधावें कोठें, व केर टाकावा कोठें? आधीं जागा नाकारावयाची, त्या नाकारण्यापासून घाण उत्पन्न व्हावयाची, आणि मग ती घाण दाखवून पुन्हां जागा नाकारावयाची, हा न्याय नव्हे. चोरीविषयींही असेंच. चोरी झाली तर चोरास धरावें व कायद्याच्या हातीं द्यावें. गांवांतल्याच कोणी चोरी केली तर आपण त्याच्या सबंध आळीस वेशीबाहेर काढीत नाहीं. बापाच्या पापाचा भार लेकावर घालूं नये, ज्यानें त्यानें आपापल्या कर्माचा जाब द्यावा, हीच शिकवण यहेज्केल संदेष्ट्याच्या १८ व्या अध्यायांत आहे. जो माप आपल्या आळीस एक लावितो व पालास दुसरें लावितो, त्याच्या घरीं दोन वजनें आहेत. आणि खोट्या वजनाचा परमेश्वरास वीट आहे, हें नीतिसूत्रांच्या वाचकांस ठाऊकच आहे.

पवित्र शास्त्रांत ह्या विषयाशीं अगदीं जुळणारा एक प्रसंग आहे. गणनेच्या २० व्या अध्यायांत इस्राएल लोक अदोमाच्या सीमेवर येऊन पोंचले, तेव्हां मोशेनें तेथील राजाकडे जासूद पाठविले. त्यांचें मागणें फार थोडें होतें. आम्ही तुमच्या शेतांतून अथवा द्राक्षमळ्यांतून जाणार नाहीं, राजमार्ग सोडून उजवीडावीकडे वळणार नाहीं, आणि आमच्या गुराढोरांनीं तुमचें पाणी प्यालें तर त्याचें मोल भरूं, असें त्यांनीं कळविलें. म्हणजे अदोमानें जी हरकत घ्यावी, तिचा उपाय मागणाऱ्यांनींच पुढें केला होता. तरी अदोमानें वाट दिली नाहीं, उलट सैन्य घेऊन तो सामना करण्यास बाहेर पडला. उपाय ऐकून घेऊनही तो 'नको' म्हणाला, ह्यावरून त्याचें मन उघड झालें. आणि ज्यास त्यानें अडविलें, तो त्याचा सख्ख्या भावाचा वंश होता! ह्यापुढची गोष्ट अधिकच लक्ष देण्याजोगी आहे. अनुवादाच्या २३ व्या अध्यायांत देवानें इस्राएलास आज्ञा केली ती अदोम्याचा सूड घेण्याची नव्हे. अदोमी हा भाऊ आहे म्हणून त्याचा तिटकारा करूं नये, अशी आहे. वाट अडविणाऱ्याचाही द्वेष करावयाचा नाहीं. मग वाट मागणाऱ्याचा करावा काय?

वाचकहो, आतां एक गोष्ट आपल्या घरची आहे, ती सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. आपल्या खेड्यांतील पुष्कळ मंडळ्या वेशीबाहेरच्या वाड्यांतून उभ्या राहिल्या. आपल्या आज्या-पणज्यांस गांवच्या पाणवठ्यावर घागर बुडवितां येत नव्हती. कोणी वरून पाणी ओतील तोंवर ओंजळ धरून बसावें लागत असे. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनीं ओंजळींत घेतलें, तेव्हां केवळ तेवढ्यासाठीं त्यांस मार खावा लागला. तेव्हांही हरकत पाण्याच्या नांवानें घेतली गेली होती. पण ती पाण्याविषयीं नव्हती. आज देवाच्या कृपेनें आपलें घर पक्कें आहे, दारांत नळ आहे, आणि ग्रामसभेंत हात वर करण्याचा हक्क आहे. तोच हात जर पालांतल्या माणसास हुसकावण्यासाठीं वर झाला, तर आपण वेशीच्या आंत आलों एवढेंच झालें. वेस होती तेथेंच राहिली.

म्हणून आम्ही मंडळ्यांस चार गोष्टी सुचवितों. पहिली, हुसकावून लावण्याच्या अर्जावर सही किंवा अंगठा मागण्यास कोणी आला, तर वर सांगितलेली कसोटी आधीं लावून पाहावी, व मगच हात पुढें करावा. दुसरी, पंचमंडळानें दोन वडील माणसें पालावर पाठवावीं. लोक कोठून आले, किती दिवस राहणार, त्यांना काय कमी आहे, हें त्यांच्याच तोंडून ऐकावें. ज्याच्या चुलीजवळ आपण बसलों, त्याच्याविषयींच्या अफवेवर आपण सहसा विश्वास ठेवीत नाहीं. तिसरी, पाणी व शौचालय ह्यांसाठीं तलाठी, ग्रामसेवक व तहसीलदार ह्यांच्याकडे गांवानें स्वतः मागणी करावी. विमुक्त व भटक्या लोकांस घर व जमीन मिळावी म्हणून राज्य सरकारनें यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना काढलेली आहे. जे लोक कायमचे राहूं इच्छितात, त्यांचा अर्ज लिहून देण्यास आपले शिकलेले तरुण उपयोगीं पडतील. चौथी, मुक्काम आठ दिवसांचा असो कीं दोन महिन्यांचा, त्यांच्या मुलांस आपल्या मुलांबरोबर शाळेंत व शब्बाथशाळेंत बसवावें.

हें करितांना गांवांतील लोकांचा रोष ओढवेल, हें आम्ही जाणतों. आपली मंडळी लहान आहे, तिचे उंबरे थोडे आहेत, आणि दररोजचा व्यवहार ह्याच गांवकऱ्यांशीं आहे. सबंध सभा 'येथें नको' म्हणत असतां एकट्यानें उठून 'येथें कां नको?' असें विचारणें सोपें नाहीं. परंतु तेवढें विचारण्यास कोणी तरी उठलें पाहिजे, आणि तें आपल्यांतून उठलें पाहिजे. ज्या प्रभूच्या आईस प्रसूतीच्या रात्रीं गांवांत खोली मिळाली नाहीं, व ज्यानें मरणही नगराच्या वेशीबाहेर सोसिलें, त्याचे शिष्य म्हणून आपण ओळखले जातों. तो वेशीबाहेर आहे; त्यास भेटावयाचें असेल तर आपणांस तेथवर चालत गेलें पाहिजे.